वन्संची कुर्डुवाडी

आमच्या वन्संइतकी निर्लज्ज बाई सोलापुरात दुसरी नसेल, हे मी सात रस्त्याच्या चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. माझी ही नणंद. लग्न केलं नाही, कॉलेजात शिकवतात आणि उरलेला जन्म लॅपटॉपपुढे काढतात. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हा त्यांचा विषय. बरं, विषय आपल्यापाशी ठेवावा की! पण नाही. पाहुणे पुरणपोळीवर तुपाची धार धरतायत, आणि या त्यांना त्या रोगाचा विषाणू समजावतायत. एकदा तर घरात आरती चालू असताना आतल्या खोलीतून ओरडल्या, "सापडली! कुर्डुवाडी सापडली!" माझ्या हातातलं निरांजन पडता पडता राहिलं. गुडघे दुखतात म्हणून सासूबाई हल्ली देवघराच्या दारातूनच टाळ्या वाजवायच्या. त्या थांबून म्हणाल्या, "हरवली होती व्हय गं?"

मग आरती अर्धवट सोडून आमची शिकवणी. म्हणे, कॅन्सरच्या पेशीत हजारो प्रथिनं एकमेकांना निरोप धाडत असतात. कुणाचा निरोप कुठं जातो त्याचं जाळं वन्सं कॉम्प्युटरवर मांडतात आणि ज्या प्रथिनाला सगळ्यात जास्त वाटा येऊन मिळतात ते हेरतात. "वहिनी, कुर्डुवाडी जंक्शनला गाड्या अडवल्या तर पंढरपूर बंद, लातूर बंद, पुणं बंद. औषधानं अडवायचं ते तिथंच!"

हेही सोसलं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी कहर केला. घर बायकांनी भरलेलं, मी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटतेय, आणि या तिळगुळाचं ताट घेऊन एकेकीला खणखणीत आवाजात विचारतायत, "पाळी गेल्यावर परत रक्त जातंय का हो? लपवू नका, तपासून घ्या." अगं बाई गं! कुणी पदर तोंडाला लावला, कुणी वाटी न घेताच चपला शोधायला लागली. मी त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "वन्सं, लाज कशी वाटत नाही? निदान आईंचा तरी विचार करा!"

सासूबाई ओट्यापाशीच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मला जातंय गं. लई दिस झाले. वाटलं, पाळीच परत आली. म्हणून तर देवाला शिवत न्हवते."

वन्संच्या हातातलं ताट कलंडलं, तिळगुळ फरशीभर झाला. रोज एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवणाऱ्या आम्ही, आणि दोघींनाही गुडघेच खरे वाटले होते!

तपासणीत निघायचं तेच निघालं. आता किरणांचे शेक संपलेत. सासूबाई पुन्हा पूजेला बसतात, पण दोन फुलं वाहिली की दमतात. पुढचं विचारलं की डॉक्टर "बघू" म्हणतात. वन्सं लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारीच बसतात, ओरडत मात्र नाहीत. परवा सासूबाईंनीच विचारलं, "काय गं, घावली का तुझी कुर्डुवाडी?"

"घावली आई. पण औषध हातात यायला लई वर्षं लागतील."

"लागू देत की. मी बसते फलाटावर."

वन्संनी मान खाली घातली. ज्यांनी घटकाभर गप्प बसावं म्हणून मी नवस बोलले होते, त्या गप्प बसल्या, आणि मला मेलीला ते सोसवेना.