सुर्वेंचा बर्च आणि आमची बाकीची बुटकी झाडं

आमच्या बोन्साय ग्रुपात आम्ही जेमतेम सहा जण. रविवारी पहार आणि गोणपाट घेऊन रानात जायचं, खुरटलेलं झाड मालकाला विचारून मुळासकट उचलायचं आणि कुंडीत लावून वर्षानुवर्षं छाटत बसायचं. आमची निम्मी झाडं मेली. किस्सा मात्र एकही मेला नाही!

*

सुर्वे बोटीवर इंजिनियर होते. थंड देशांतल्या बंदरांवर त्यांनी पांढऱ्या सालीचा बर्च पाहिला आणि तो डोक्यातच बसला. रिटायर झाल्यावर हिमाचलच्या ट्रिपवरून त्याचं वीतभर रोप घेऊन आले. रत्नागिरीत, तेही मे महिन्यात! दिवसा रोप फ्रिजमध्ये, संध्याकाळी बाल्कनीत. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "झाड भाजीच्या कप्प्यात आणि भाजी बाल्कनीत. पाणी कोणाला घालू, तुम्हीच सांगा!"

एके दिवशी सकाळी लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत. बर्चही गेला. सुर्वे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी करवंदीच्या एका खोडाला चुना फासला. पुण्याहून आमची झाडं बघायला आलेल्या जाणकारांनी चष्मा काढून, वाकून बघितलं. "वा! बर्चच हा. साल बघा ना!"

आम्ही नंतर सुर्वेंना धरलं. ते म्हणाले, "मी खोटं कुठे बोललो? मी बोललोच नाही!"

*

आमचे गुरू म्हणजे मयेकर सर, निवृत्त ड्रॉइंग टीचर. देवरूखजवळच्या कातळाच्या सड्यावर त्यांना शेळ्यांनी खाऊन खाऊन गोळा झालेली एक करवंदी दिसली. जमिनीचे मालक आजोबा शेजारी उभे.

"नेऊन काय करनार?"

"कुंडीत लावणार. दर महिन्याला शेंडे खुडायचे, वाढू द्यायची नाही."

"माज्या शेळ्या तेच करतात ओ! वर दूधपन देतात."

*

मिरजोळ्याला एका बंद गोडाऊनच्या भिंतीत सुंदर पिंपळ उगवला होता. वॉचमनला विचारलं. त्याने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "खुशाल न्या!" चार तास खपून आम्ही तो सोडवला. आठवड्याने मालकाचा मेसेज आला: "काम छान केलंत. आता संडासाच्या भिंतीतला कधी काढताय?"

*

आमच्या पहिल्या प्रदर्शनाला पुढारी पाहुणे बोलावले. त्यांनी सगळी झाडं गंभीरपणे पाहिली आणि माइक घेतला. "चाळीस-चाळीस वर्षं झाली तरी यांची झाडं वाढत नाहीत, ही खेदाची बाब आहे. पण मंडळाने खचून जाऊ नये!"

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दारात खताच्या दहा गोणी!

*

आणि हा किस्सा सरांच्या वडाचा. संगमेश्वराकडच्या एका गावात देवळापुढे मोठा वड होता. त्याच्या पारात उगवलेलं रोप सरांनी गावाला विचारून आणलं आणि बारा वर्षं घडवलं. आमच्यातलं सगळ्यात देखणं झाड ते. मग तिथला रस्ता रुंद झाला आणि मोठा वड तुटला.

महिन्याभराने गावातली सात-आठ माणसं सरांच्या घरी आली. पुढे एक म्हातारी, जनाबाय. ती म्हणाली, "सर, आमच्या वडाचं पोर तुमच्याकडं हाय. तेवढं परत द्या."

 सर आत जाऊन तारा कापायची पक्कड घेऊन आले. फांद्यांना वळण द्यायला घातलेल्या सगळ्या तारा स्वतः सोडवल्या आणि कुंडी तिच्या हातात दिली. 

वड देवळामागे जमिनीत लागला. पुढच्या दिवाळीत आम्ही सरांना घेऊन बघायला गेलो. झाड सरांच्या डोक्यावर गेलेलं, फांद्या वाटेल तशा सुटलेल्या! सरांनी भोवती एक फेरी मारली, मान तिरकी केली, एक डोळा मिटला. हात हळूच खिशातल्या कात्रीकडे गेला.

मागून जनाबाय ओरडली, "सर, हात भायेर!"