माझ्या नावाची शाल

"ऊठ रे! गाडी दारसे उभी शे, पाहुणा उनात! शाल लयेल शे, नारय लयेल शे, नि तू आठे पडेल शे?"

मोठा भाऊ ओरडत होता. तो आमच्या कळसाडीत ओरडला की तापीपलीकडचे बैल कान टवकारतात. मी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत, पाइपांच्या वेटोळ्यावर, भर सकाळी आडवा होतो. बाहेर केळीला पाणी चालू होतं. पाहुणे आले होते ते मलाच न्यायला. साखर कारखान्याकडच्या एका शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता आणि प्रमुख पाहुणा मी होतो.

मी उठायचा प्रयत्न केला. पाय उठले, बाकीचा मी राहिलो.

"तोंड उघडू नको," भाऊ म्हणाला. "तुन्हा तोंडना वास शाळापावत जाई."

हे कसं झालं ते सांगतो. थोडं वाढवून सांगेन, ती सवय दारूच्याही आधीची आहे. पण जिथं वाढवणार नाही तिथं तुम्हाला कळेल.

पहिल्यांदा मी नंदुरबारच्या व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलो, तेव्हा गावानं मला नवरदेवासारखं घेतलं. फाट्यावर हलगी, चौकात बॅनर. बॅनरवर माझा फोटो एवढा मोठा की माझी बायको त्याच्याखालून डोक्यावर पदर घेऊन जायची. कुणी सुधारला की आमच्याकडे त्याला घरात नीट बसू देत नाहीत, स्टेजवर बसवतात. शाल, नारळ, आणि "दोन शब्द बोला." मला दोन शब्द बोलायला सांगणं म्हणजे उसाच्या फडात काडी टाकणं.

मी बोलायला लागलो. म्हणालो, मी प्यायलो तेवढी दारू तापीत ओतली असती तर प्रकाशा गावच्या पुलाखालचे मासे गाणी म्हणत वर आले असते. म्हणालो, सातपुड्यात मी मोहाच्या झाडाखालून गेलो की झाड भिऊन सगळी फुलं गाळून टाकायचं. मला चावलेला डास घरी नीट उडत जाऊ शकत नव्हता, त्याचे भाऊबंद त्याला धरून न्यायचे. लोक पोट धरून हसले. पुढच्या गावानं बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. शालींनी कपाट भरलं. प्रत्येक गावात मी आदल्या गावापेक्षा जास्त प्यायलेला असायचो.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. ते किस्से सांगताना माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

दिवाळीच्या आधी असंच एक भाषण करून मी फाट्यावर उतरलो. अंगावर नवी शाल होती. तिथल्या दारूच्या दुकानदारानं मला ओळखलं, उभा राहून नमस्कार केला. "भाऊ, तुम्ही? आठे?" मी म्हणालो, "पाहुणे आले आहेत रे, त्यांच्यासाठी." बाटली शालीतच गुंडाळून आणली. शालीचा असा उपयोग सत्कार करणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसेल.

घरी बायकोचं नाक. ते नाक असं की शेजारच्या गावात दूध उतू गेलं तरी तिला कळतं. म्हणून मी गोळ्यांवर गेलो. झोपेच्या, डोकं शांत करणाऱ्या. एका ओळखीच्याकडून मिळायच्या. गोळीला वास नसतो. पुढे गोळी वासासाठी उरली नाही, गोळीसाठीच गोळी झाली, आणि वर दारूही आलीच. घरच्यांना दारू कळली. गोळ्या कुणालाच ठाऊक नव्हत्या.

तर त्या सकाळी भावानं बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगितलं, "त्याले ताप शे." पाहुणे बिचारे रिकाम्या हातानं कसे जातील? त्यांनी भावालाच गाडीत बसवलं. ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तो व्यसनातून बाहेर कसं पडावं यावर बोलायला गेला. काय बोलला देव जाणे. दुपारी आला, माझ्या अंगावर शाल फेकली.

"ले. तुन्हा नावनी शे."

पुढे तो काही ओरडला नाही. त्याचं न ओरडणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हणालो, "मला परत जायचंय. केंद्रात."

"मंग सुरतले जाय. आठे चौकमा तुन्हा फोटो लटकी ऱ्हायना. तालुका हसी."

"सुरतेला मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल. नंदुरबारच्या ताई मला ओळखतात."

म्हणून मी केंद्रातल्या ताईंना फोन लावला. त्या समुपदेशक, पहिल्या खेपेला माझ्याशी त्याच बोलायच्या. मला वाटलं रागावतील. रागावल्या नाहीत, फक्त एक अट घातली. "घरचं माणूस घेऊन या. नुसतं सोडायला नाही, नंतर दर आठवड्याला तुमच्यासोबत येणारं. मागच्या वेळी तुम्ही एकटे यायचात, मला हसवून जायचात, आणि मीही हसायचे. तसं माणूस नसेल तर गाडी याही वेळी अर्ध्या वाटेतच अडेल."

भाऊ म्हणाला, "मी नही येवाव." आणि मळ्यात गेला. आता राहिली बायको. ती ओसरीवर मेथी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जुडी संपवली, दुसरी घेतली. मी जगात कुणाशीही बोलू शकतो, म्हशीशीसुद्धा. त्या दिवशी तिला "येशील का" एवढं विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीच्या थांब्यावर उभा होतो, तर ती आली. हातात पिशवी, पिशवीत लुगडी. पण तिचं माहेर धानोऱ्याचं, आणि तिकडे जायचं तरी याच गाडीनं नंदुरबारला उतरायचं. ती माझ्यासोबत आली होती की मला सोडून चालली होती, हे त्या पिशवीवरून कळत नव्हतं.

शेजारी बसली. माझे हात इतके थरथरत होते की आख्खी एसटी त्यामुळे हलतेय असं मला वाटत होतं. रस्ता खराब होता हेही खरं. सारंगखेड्याचा पूल गेला. मी खोटं नाही सांगत, त्या प्रवासात मी एक अक्षर बोललो नाही. थकवा असा होता की थाप मारायलाही अंगात बळ लागतं, हे मला तेव्हा समजलं.

ती एकदाच बोलली. "खिडकी लावी ल्या. वारा लागी ऱ्हायना तुम्हले."

नंदुरबारच्या स्टँडवर उतरलो. धानोऱ्याची गाडी लागलेली होती. तिनं पाटी वाचली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागली. केंद्राच्या दिशेनं. पण पिशवी हातात होतीच, आणि गाड्या दिवसभर असतात.

ताईंनी समोर बसवलं. "काय घेता, किती घेता, सांगा. आणि दादा, या खेपेला ते गाणारे मासे नकोत."

मागच्या वेळी मी सांगितलेलं प्रमाण ऐकून डॉक्टर चक्रावले होते. घरी फोन करून खरं किती ते त्यांनी बायकोला विचारलं होतं. या वेळी दारूचं ती सांगू शकली असती, गोळ्यांचं नाही. ते फक्त मला माहीत होतं.

"दारू सोडून आणखी काही?" ताई म्हणाल्या. "नीट सांगा. काही गोळ्या एकदम थांबल्या तर आकडी येते. आम्हाला माहीत नसेल तर आम्ही सांभाळणार कसं?"

मी बायकोकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहून गोळीचं नाव सांगितलं. रोज किती ते सांगितलं. कधीपासून, ते सांगितलं. ना वाढवलं, ना कमी केलं. आयुष्यात एवढं छोटं भाषण मी केलं नव्हतं, आणि त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या बोलण्यात कुठं शेपूट लावलंय का ते शोधत असाव्यात. मग त्यांनी आत डॉक्टरांना तेच, तसंच सांगितलं, आणि बाहेर येऊन बायकोकडे वळल्या. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. माझ्याकडे तिनं अजूनही पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला गोळ्यांचं ठाऊक नव्हतं ना?"

तिनं मान हलवली. नव्हतं.

"यांना आज ठेवून घेतो. पण घरी सोडल्यावर दर बुधवारी तुम्हाला यांच्यासोबत यावं लागेल. किती महिने, ते आज सांगता येणार नाही. याल?"

मी श्वास रोखून बसलो. खरंच रोखून; हे वाढवलेलं नाही.

"बुधवारले जमस नही," ती म्हणाली. "पपईनी तोडनी ऱ्हास. गुरुवारले यासले लई येसू."