फटी बुजवणारे भाऊजी

माझ्या धाकट्या दिरांइतका निरुपयोगी माणूस अख्ख्या खांडबाऱ्यात नव्हता, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे. तिशी आली, बाजाराच्या दिवशी आमच्या किराणा दुकानात पाय ठेवायला जागा नसे, आणि भाऊजी मागच्या खोलीत प्लास्टिकचं विमान जोडत बसलेले. नैरोबीला असलेला त्यांचा आतेभाऊ खोक्यातून सुटे भाग पाठवी. पंख, शेपूट, चाकं, सगळं वेगवेगळं. पोरांचा खेळ, पण घरातल्या पोरांनाच त्या खोलीत बंदी.

पहिल्या खोक्यातली चिकटवायची ट्यूब बोटीच्या प्रवासात वाळून गेली होती. भाऊजींनी डिंक लावला, पंख गळाले. खळ लावली, ती मुंग्यांनी खाल्ली. शेवटी नवापूरला ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून थिनर आणलं. विमानाचे भाग ज्या काड्यांना धरून येतात, त्यांचे तुकडे करून माझ्या पितळी वाटीत थिनरमध्ये भिजत घातले. त्याची काकवीसारखी चिकट लापशी झाली. तिनंच भाग जोडायचे, सांध्यात फट राहिली तर तीच भरायची, आणि कडक झाली की ओल्या घासकागदानं घासत बसायचं. वाटी गेली ती गेलीच, वर घरभर असा वास की पाहुणे चहा न घेता उठत. एकदा मी म्हटलं, "चिकटलं ना एकदाचं? मग आता काय घासता?" तर म्हणाले, "वहिनी, चिकटनं म्हंजे जुळनं आसं नही."

अशा माणसाला मुलगी कोण देणार? तरी तापीकाठच्या एका गावाहून स्थळ सांगून आलं. मुलीच्या आईला चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून परतताना सगळे मुलीसह आमच्याकडेच उतरले. मुलीचं नाव हिरा. मी पोहे दिले, ह्यांनी दुकानाचा थाट सांगितला. भाऊजींनी काय दाखवावं? विमान. हिरानं पंखाच्या मुळाशी नख फिरवलं आणि हळूच म्हणाली, "आठे फट शे."

भाऊजी विमान घेऊन जे आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. आतून घासकागदाचा आवाज येत राहिला. मुलीचे वडील उठले. "पोऱ्या येडा शे," एवढंच बोलले आणि सगळ्यांना घेऊन स्टेशनकडे चालू लागले.

मी भाऊजींना नको नको ते बोलले. त्यांनी मान वर केली नाही. "तिले फट दिखनी," म्हणाले. "तुमले कधी दिखनी नही."

पुढच्या आठवड्यात विमान बिस्किटाच्या डब्यात कापसावर ठेवून ते एकटेच त्या गावाला निघाले. कुत्री सोडतील अंगावर, असं मी बजावलं. संध्याकाळी मोकळ्या हातानं परतले.

"विमान फेकून दिलं ना त्यांनी?"

"तिन्हाजोडे शे," भाऊजी म्हणाले आणि विमान हिरापाशी ठेवून आलेला हा माणूस निवांत जेवायला बसला.

हिरानं बापाला सांगितलं, करीन तर इथंच. तो गृहस्थ महिनाभर चिडला आणि मग हरला. लग्न झालं. मला वाटलं, चुलीला एक हात लागला. कसलं काय! ती दोन भाग दाबून धरी आणि भाऊजी फट भरत. दोघांचा चहा गार व्हायचा.

वर्षभरानं सुरतेच्या एका कारखान्यात भाऊजींना साचे घासून गुळगुळीत करण्याचं काम मिळालं. ज्या उद्योगापायी घरी शिव्या खाल्ल्या, त्याचाच पगार देणारे शहाणे सुरतेत निघाले. आम्ही दोघं त्या दोघांना गाडीत बसवायला गेलो. भाऊजी पाया पडले. मी म्हटलं, "तिला तरी वेळेवर जेवू द्या." ते हसले. गाडी गेली.

धाकट्या भावाला उभ्या आयुष्यात ह्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. परतताना हे रेल्वेफाटकाशी थांबले आणि म्हणाले, "आते आपन बोलानं कोणले?"