जुन्या क्रेटमधले नवे बन

वहिनींनी तव्यावरचा बन उलटला आणि त्यांचा हात जागीच थांबला. एका मिनिटात बन तांबूस झाला होता. रोजच्या बनला दोन मिनिटं लागतात, आणि तो असा ठिपक्याठिपक्यांनी भाजत नाही. त्यांनी बन नाकाजवळ नेला. गोडसर, दुधाचा वास.

"भाऊजी, हे बन कुठले?"

बर्गरचं हे दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं. सहा टेबलं, एक काउंटर आणि काउंटरमागे सगळ्यांना दिसेल असा उघडा तवा. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मांस नाही. पाटीची कल्पना दिराची, पण ती खरी ठेवण्याचं काम वहिनींचं. राजमा, मशरूम आणि बीट यांच्या पॅटी त्या स्वतः थापायच्या. दीर वहिनी म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणायची.

त्याआधी एकोणीस वर्षं त्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात होत्या. तिथे प्रत्येक ताटाबरोबर चिठ्ठी यायची: मीठ नको, साखर नको, दूध नको. वहिनी चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या आणि मगच डाव उचलायच्या. बरोबरीच्या बायका थट्टा करायच्या, "झाला का गं मंत्र म्हणून?" होऊ दे थट्टा. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून एक ताट चुकलं नाही. पुढे स्वयंपाकघर ठेकेदाराकडे गेलं, चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि त्याच आठवड्यात वहिनींनी नोकरी सोडली. नवरा त्याआधीच गेला होता. दीर म्हणाला होता, "वहिनी, डोळे मिटून भरवसा ठेवावा असं माणूस मला दुसरं कुठे मिळणार?"

आता तोच दीर हात पुसत बाहेर आला.

"नेहमीच्या बेकरीची भट्टी बिघडलीय. आजच्यापुरते दुसरीकडून आणले."

"यात दूध आहे."

"असेल थोडी पावडर." त्याने आवाज खाली आणला. "शनिवारची दुपार आहे, वहिनी. बन नाहीत म्हणून शटर ओढू का?"

"ओढा."

"कोणाच्या बापाला कळत नाही हो."

"मला कळलं."

"तुमचं सोडा. तुम्ही म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा!"

काउंटरवर बसलेली जाऊ फिसकन हसली. वहिनींचं लक्ष क्रेटकडे गेलं. क्रेट निळी, नेहमीच्याच बेकरीची. म्हणजे नव्या पिशव्या फोडून बन जुन्या क्रेटमध्ये रचले होते, नेहमीसारखे, नीट ओळीने. त्या तरातरा मागच्या दाराशी गेल्या आणि कचऱ्याच्या डब्यात हात घातला. पिशव्या तळाशी होत्या, चांगल्या घड्या घालून दडपलेल्या. वर छापलं होतं: मैदा, साखर, दूध पावडर, लोणी.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक काही क्रेट बघत नाही. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. आणि सकाळच्या घाईत लक्ष न गेल्याने त्यांच्याच हातांनी अकरा प्लेटी बाहेर गेल्या होत्या.

त्या पिशव्या घेऊन परतल्या, तेवढ्यात दार उघडून नेहमी येणारे एक आजोबा आणि त्यांची नात आत आली. नात नऊ वर्षांची. दुधाचा अंश पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा. एका वाढदिवसाच्या केकमुळे ती दोन दिवस ऑक्सिजनवर होती. तेव्हापासून कुठेही गेली तरी घरचा डबा. फक्त इथे ती आजोबांचा हात सोडून पुढे यायची आणि स्वतःच्या तोंडाने ऑर्डर द्यायची.

"वहिनी, नेहमीचा! काकडी जास्त!"

दीर चटकन वहिनींच्या कानाशी लागला. "तिला सांगतो बन संपले म्हणून. पॅटी कोबीच्या पानात गुंडाळून द्या."

"याच तव्यावरची? सकाळपासून हेच बन भाजतेय मी त्यावर."

"मग तिला परत पाठवू. झालं?"

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना काय धाड भरलीय!"

"त्यांनी पाटी वाचलीय, भाऊजी."

"वहिनी, हळू बोला."

वहिनींनी गॅस बंद केला, काउंटरच्या पुढे आल्या आणि पिशवी वर धरली. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ऐका सगळे. आजच्या बनमध्ये दूध आणि लोणी आहे. खाऊ नका. बाळ, तू कशालाही हात लावू नकोस."

खिडकीजवळच्या मुलाने तोंडातला घास कागदात थुंकला. एक बाई खुर्ची सरकवून उठली. "आठ वर्षांत मी दुधाला शिवले नाही. तुम्ही दिलंत कसं मला?"

"पिशवी न बघता दिलं. चूक माझी."

"चूक म्हणे!" बाई तणतणत निघून गेली, तिच्यामागे आणखी तिघं.

"घालवलंत माझं नाव," दीर दातओठ खात म्हणाला. "घरच्या माणसाने!"

"घरच्या माणसापासून पिशव्या लपवल्या कोणी? मला सकाळी सांगितलं असतंत तर मीच दारात उभी राहून सांगितलं असतं, आज बन नाहीत. तुम्ही माझ्या हातांनी खोटं वाढलंत!"

दिराने क्रेट उचलली, मागच्या दाराला लाथ मारली आणि बाहेर गेला. जाऊ मान खाली घालून पेपर नॅपकिन नीट करत बसली.

आजोबा नातीला घेऊन निघाले होते, पण ती काउंटरची कड सोडेना. "मग मी काय खाऊ?"

"थांबशील?" वहिनी तिच्याकडे वळल्या. "तवा नाही वापरणार. माळ्यावर कोरं पातेलं आहे. पॅटी वाफवते, पानात देते. बन मिळणार नाही."

आजोबांनी वहिनींकडे पाहिलं, मग त्या पिशवीकडे. "आत येऊन बघू का मी?"

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. वहिनींना ते झोंबलं.

"बघा," त्या म्हणाल्या आणि काउंटरची फळी उचलून धरली. "सगळे डबे उघडून बघा."