काटे काढलेला बांगडा

आज रत्नागिरीत आईला भेटायला वृद्धाश्रमात गेलो. जेवणाची वेळ होती. आतला वास नको म्हणून मी पडवीतच बसलो.

तिथे ताटं न्यायला आता रोबो आहे. आईने स्वतःच्या वाटणीचा बांगडा काटे काढून त्याच्याकडून बाहेर पाठवला. मी लहान असताना भरवायची, तसाच.

"जेवून आलोय," मी त्याला खोटंच सांगितलं.

तो आत गेला. त्याचा आवाज पडवीपर्यंत आला, "पाहुण्यांनी जेवण घेतलं नाही."

"असूंदे रे. पोट भरलं असंल त्याचं," आई त्या यंत्राची समजूत काढत होती.

परतताना हातखंब्याला हॉटेलात मी बांगड्याचीच थाळी मागवली. काटे काढत बसलो, आणि ताट तसंच सोडून उठलो.

आईने पाठवलेलं ताट तुम्ही कधी असं परत पाठवलंयत का?