उजव्या डोळ्यातलं धुकं

माझी मावशी रफू करते. कपडे धुण्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात, खिडकीला लागून तिची खुर्ची असते. सिगारेटने जळलेला कोट असो की खिळ्यात अडकून फाटलेली पँट, ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतले धागे काढते आणि एक वर, एक खाली असं विणत भोक बुजवते. गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून विचारतं, "कुठे होतं हो?" तेव्हा ती म्हणते, "मला तरी काय आठवतंय." त्या दिवशी स्वारी खुशीत असते.

तीस वर्षं मान खाली घालून बसल्यावर पाठीने दावा साधला. मणक्यातली चकती सरकली, पाय बधिर व्हायला लागला, आणि ऑपरेशनशिवाय इलाज नाही असं ठरलं. साडेचार तास तिला पालथं झोपवून ऑपरेशन केलं. ते उत्तम झालं. शुद्धीवर आल्यावर पायाची बोटं हलली, तेव्हा काकांनी दोन्ही हात जोडले. काका, म्हणजे मावशीचे यजमान, नळदुरुस्ती करतात. एरवी ते पाना सोडून कशावरही विश्वास ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचं डोकं ठणकायला लागलं. दोनदा उलटी झाली. नर्स म्हणाली, "भुलीनंतर होतं असं. उतरेल." गोळी दिली, इंजेक्शन दिलं. उजव्या डोळ्यासमोर धुरकट दिसत होतं, पण ऑपरेशनच्या वेळी डोळ्याला मलम लावलं असेल, अशी मावशीने स्वतःचीच समजूत घातली. दवाखान्यात उगाच कुरकुर करायची नाही, हा तिचा खाक्या.

दुपारी सवयीने तिने अंगावरचं पांघरूण डोळ्याजवळ धरलं. कापड दिसलं की वीण बघायची, हा तिचा छंदच. डावा डोळा उघडा ठेवला, तर उभे-आडवे धागे दिसले. डावा झाकून उजव्याने पाहिलं, तर नुसतं पांढरं. तिने तीनदा करून पाहिलं. मग काकांना हाक मारली.

"अहो, त्या दिव्याभोवती तुम्हाला रंगीत कडं दिसतंय का?"

"कसलं कडं? साधा दिवा आहे."

"मला दिसतंय. आणि उजव्या डोळ्याला तुमचं तोंडच नाही."

काकांना आधी थट्टा वाटली. पण मावशीने त्यांचा हात धरला होता आणि तो सोडत नव्हती. ते तसेच उठले आणि नर्सच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. "डॉक्टर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही," एवढंच बोलले. आवाज चढवला नाही.

पाच मिनिटांत भूल दिलेल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांवर बॅटरी मारली. डावी बाहुली लहान झाली. उजवी मोठीच राहिली, आणि डोळा लाल झाला होता. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं, तर ते नेहमीच्या तिपटीच्या वर. त्यांनी समजेल असं सांगितलं. डोळ्यात पाणी तयार होत असतं आणि एका वाटेने बाहेर जात असतं. मावशीच्या डोळ्यात ती वाट जन्मतःच अरुंद होती. भुलीच्या वेळच्या औषधांनी बाहुली मोठी झाली, त्यात इतका वेळ पालथं झोपणं, आणि वाट बंद पडली.

"म्हणजे पाणी तुंबलं," काका म्हणाले.

"अगदी बरोबर. तुंबलेल्या पाण्याने नस दबते. आधी औषधांनी दाब उतरवू. मग लेझरने बाहुलीभोवतीच्या पडद्याला बारीक भोक पाडू, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळेल."

मावशी डोळे मिटून ऐकत होती. ती म्हणाली, "आयुष्यभर भोकं बुजवली, आणि आता माझ्याच डोळ्यात पाडणार तुम्ही."

"दिसेल ना तिला?" काकांनी विचारलं.

"वेळेत सांगितलंत. बरंचसं परत येईल असं वाटतं. पूर्ण येईल की नाही, ते आज नाही सांगता येणार."

भुलीच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी पुन्हा आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "उलटी, डोकेदुखी भुलीनंतर होतेच, म्हणून आम्ही तेच धरून बसलो. सकाळीच डोळा बघायला हवा होता. आमचं चुकलं."

मावशी म्हणाली, "मी तरी कुठे बोलले सकाळी." पण नंतर मला म्हणाली, बाई येऊन बोलल्या तेव्हा छातीवरचा दगड उतरला. तोवर डोक्यातला ठणकाही थांबला होता.

दाब उतरल्यावर लेझर झालं. पुढे असंच होऊ नये म्हणून डाव्या डोळ्यालाही केलं. घरी आल्यावर मावशी रोज सकाळी डावा डोळा झाकून समोरच्या घराची खिडकी बघायची. आधी नुसती चौकट दिसली. मग गज दिसले. पंधराव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "त्यांच्या पडद्याला खाली उसवलंय!" काका हातातली बादली टाकून धावत आले. दोघं कितीतरी वेळ शेजाऱ्यांचा उसवलेला पडदा बघत उभी होती.

दीड महिन्याने तपासणीला मीही सोबत गेले. मावशीने तक्त्यावरची खालून दुसरी ओळ धडाधड वाचली. उजव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात थोडा अंधार राहिलाय, तो राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागे बसून काकाही तोंडातल्या तोंडात तक्ता वाचत होते, आणि प्रत्येक अक्षर चुकीचं. डॉक्टरांनी त्यांनाच खुर्चीवर बसवलं. चष्मा लागला.

आता मावशी पुन्हा खिडकीपाशी बसते, पण दिवसाला चारच कपडे घेते आणि तासातासाला उठून पाठ मोकळी करते. काळे कोट घेत नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणते, "काळ्यावर काळा धागा दिसत नाही मला आता. राखाडी आणा, निळा आणा, हवं ते आणा." आणि समोरचा निळा सदरा उचलून उजेडात धरते.