रत्नमालेची सावली

दि. ४ सप्टेंबर २०२३. रुपये ११,८४०. ‘संस्थापक घराण्यांचे सावलीचित्र फलक, काच व चौकटीसह’ असा तपशील लिहून मी व्हाउचर केले. मानोऱ्याच्या या पतसंस्थेत तीस वर्षे लेखापाल आहे. इतके घाणेरडे व्हाउचर माझ्या हातून दुसरे लिहिले गेले नाही.

ती चित्रे इंझोरीच्या धम्मपाल सरकटेची. धम्मपाल काळ्या कागदातून माणसाचा बाजूचा चेहरा कातरतो. आधी रेघ मारत नाही. कात्री जागच्या जागी आणि कागद मात्र फिरता. कपाळापासून सुरुवात, नाकाशी आला की श्वास रोखतो, दीड मिनिटात माणूस तयार. बाबूलाल नावाच्या फिरत्या कारागिराकडून तो हे शिकला आणि शिरपूर जैनच्या बसथांब्यावर यात्रेकरूंचे चेहरे कातरत त्याची चाळीस वर्षे गेली. कॅमेरा येण्याआधी युरोपात हीच गरिबांची तसबीर होती. तिकडे तिला नाव पडले ते फ्रान्सच्या एका काटकसरी अर्थमंत्र्याच्या आडनावावरून, असे मी वाचले आहे.

बाबूलालची शिकवण अशी की कागद दुमडून कातरायचा. दोन चेहरे निघतात. एक गिऱ्हाइकाला द्यायचा, दुसरा वहीत चिकटवून खाली नाव, गाव, तारीख लिहायची. मोबाइल आले, गिऱ्हाईक आटले, वही राहिली. ज्यांच्या घरी मेलेल्या माणसाचा एकही फोटो नाही, अशी माणसे धम्मपालकडे येतात, आपल्या माणसाचे पान उघडून बसतात आणि उठून जातात.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासाठी अध्यक्ष मारोतरावांनी ती वही आठ दिवसांसाठी मागवली. आणायला मीच गेलो होतो.

“साहेब, तुमच्या भरोशावर देऊन राह्यलो,” धम्मपाल म्हणाला.

प्रदर्शनात वही ठेवणार, अशी माझी समजूत होती. मारोतरावांनी शिपायाला ब्लेड दिले आणि सतरा चेहरे कापून घेतले. संस्थापकांच्या ज्या आईबापांचे फोटो नव्हते, त्यांच्या नावाच्या पाट्यांवर ते चिकटवले. स्वतःच्या आजीसाठी, म्हणजे संस्थापक वडिलांच्या आईसाठी, त्यांनी फर्मावले, “आंबाड्यावाली एखादी सोज्वळ पाहा.” माणसे बाजारातून वांगी निवडतात तशी त्यांनी आजी निवडली. वही परत गेली ती भोकाभोकांची. नावे वहीत, चेहरे आमच्या भिंतीवर.

महिन्याभराने धम्मपाल एका म्हाताऱ्या बाईला घेऊन कार्यालयात आला. ती इंझोरीची सोजरबाई. तिची मुलगी रत्नमाला सोळाव्या वर्षी काविळीने गेली. त्याच वर्षी शिरपूरच्या यात्रेत आंबाडा घालून तिने चेहरा कातरून घेतला होता. घरची प्रत वाळवीने खाल्ली. म्हणून पोरगी गेली त्या तारखेला सोजरबाई दर साली वही पाहायला जायची. यंदा पान उघडले तर भोक.

फलक लावलेल्या सभागृहात शिरताच ती मारोतरावांच्या आजीसमोर थांबली. चौकटीला झेंडूचा हार होता.

“हे माई रत्नमाला आहे. वरचा ओठ पाहा, पुढं आहे. माहाबी तसाच आहे.” ती आडवी वळून उभी राहिली. ओठ तोच होता.

“मावशी,” मागून आलेले मारोतराव म्हणाले, “काया कागदाले काय नाव असते? सावल्या साऱ्या सारख्याच.”

धम्मपालने वहीचे ते पान काचेवर धरले. आंबाडा, मान, हनुवटी, ब्लेड घसरले होते तो कोपरासुद्धा भोकात चपखल बसला. खाली निळ्या शाईत रत्नमालेचे नाव होते.

“बसलं म्हून का आजी बदलू मी? चारशे लोकायनं पाह्यलं. सोयरे पाया पडून गेले.”

“कोणाच्या पाया पडले, ते इचारा त्याइले,” धम्मपाल म्हणाला.

मारोतराव माझ्याकडे वळले. “लेखापाल, यायले चहा पाजा अन् वाटंले लावा.” मग ते मोबाइलवर आचाऱ्याशी जिलबीच्या भावावरून भांडत बाहेर गेले.

चौकट दोन खिळ्यांवर होती. मला उतरवता आली असती. नोकरीचे अकरा महिने उरले होते. मी चहा सांगितला. ज्या प्रकाराची शिसारी आली, त्यात माझाही वाटा होता.

“मंग मी आता पोरीले पाहाले इथं येऊ काय?” सोजरबाईने विचारले. “दुसऱ्याची आजी म्हून?”

धम्मपालने पिशवीतून काळा कागद काढला आणि फरशीवर मांडी घातली. चित्रावरून त्याने जन्मात कातरले नव्हते. जिवंत माणूस समोर लागतो, असा त्याचा हट्ट. त्याने सोजरबाईलाच चौकटीखाली आडवे बसवले. कपाळ, नाक, आंबाडा काचेतून घेतला आणि ओठ आईचा घेतला. या वेळी दीड नाही, चांगली दहा मिनिटे लागली. दुमडलेल्या कागदातून दोन रत्नमाला निघाल्या. एक त्याने वहीतल्या भोकावर चिकटवली. नाव खाली होतेच. दुसरी सोजरबाईच्या हातात दिली.

तिने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. “हेच,” म्हणाली. मग पदराची गाठ सोडली. “किती झाले?”

“राहू दे मावशी.”

“काहून? फुकटची नको मले माई पोरगी.”

धम्मपालचा दर पन्नास रुपये. गाठीत तीस निघाले, ते त्याने घेतले. वीस रुपये बाकी आहेत.